बेणे वाहणारी गाडी आणि तिचा प्लग



बेणे तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत लागण व्हावी, असे आम्ही दर हंगामात सांगतो. डोळे वाळले की उगवण घटते आणि नांग्या भरण्याचा खर्च अंगावर येतो. नेर भागात लांबून बेणे आणायचे तर गाडीच हवी. तीच गाडी वाटेत ‘मिसिंग’ करू लागली, चढ ओढेना, की चोवीसातले सहा-आठ तास गॅरेजच्या दारात जातात. म्हणून या खेपेला चार शब्द स्पार्क प्लगविषयी.

प्लग कोणत्या गाडीला?

डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तिथे डिझेल पेटते. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली आणि हळूहळू डिझेलचेच राज्य झाले. त्याआधी फोर्ड, शेव्हरोलेचे पेट्रोल ट्रक असत, त्यांना प्लग असे. आता सीएनजीवरच्या ट्रकांना आणि छोट्या मालगाड्यांना तो पुन्हा लागतो.

निवड कशी करावी?

आटे बसले म्हणजे प्लग जुळला, असे नव्हे. आट्यांची लांबी कमी पडली तर ठिणगी आत पोचत नाही. जास्त झाली तर प्लग पिस्टनला लागू शकतो. तिसरी गोष्ट उष्णता-क्रमांक. ‘गरम’ प्लगची उष्णता सावकाश निघते, ‘थंड’ प्लगची लवकर. जास्त ओझे ओढणाऱ्या इंजिनात नको तितका गरम प्लग घातला तर ठिणगीआधीच गॅस पेटतो आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येते. फार थंड प्लगवर काजळी धरते.

दुकानात नंबर बघून फसू नका. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. तेव्हा गाडीच्या पुस्तकातला नंबरच मागावा.

गॅप

ठिणगी वापराने टोके झिजवते आणि गॅप वाढत जातो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून तिथे गॅप सहसा कमी ठेवतात. नेमका आकडा पुस्तकातला घ्यावा. दुसऱ्याच्या गाडीचा चालत नाही. झिजलेल्या प्लगला तारेचे गेज वापरावे, कारण पट्टीचे गेज खळग्यावरून नुसते सरकते आणि गॅप कमी दाखवते. वाकवायचा तो फक्त बाहेरचा दांडा. मधल्या टोकावर जोर दिला की चिनी माती तडकते. इरिडियमच्या बारीक टोकाला तारेचा ब्रश लावू नये.

बसवताना

इंजिन थंड असावे. प्लगभोवतीची धूळ आधी उडवावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. प्लग आधी हातानेच फिरवावा. वॉशरचा नवा १४ मिलिमीटरचा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. ताकद लावली की हेडचे आटे जातात, आणि मग खर्च प्लगचा राहत नाही, हेडचा होतो.

काढलेला प्लग बघून मगच टाका. फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर ठीक. तेलकट काळा असेल तर इंजिन तेल खाते आहे. पांढरा पडून फोड आले असतील तर इंजिन तापते आहे. अशी गाडी बेण्याला पाठवू नये.

लागणीच्या आधी आठ दिवस हे काम उरकावे. प्लग चार पैशांचा, बेणे वर्षाचे.