गुरुवार सकाळची शिकवणी

१९९८ साली सूत्रसंचालक मेल्विन ब्रॅग यांना मजूर पक्षातर्फे ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात जागा मिळाली आणि बीबीसी रेडिओ फोरवर दहा वर्षं चालवलेला ‘स्टार्ट द वीक’ त्यांच्या हातून गेला. पक्षाचा शिक्का बसलेल्या माणसाकडे तो कार्यक्रम राहणं बीबीसीला मान्य नव्हतं. बदल्यात गुरुवारी सकाळी नऊची वेळ देण्यात आली. या वेळेला श्रोता मिळत नाही अशी तिची ख्याती. खुद्द ब्रॅग तिला मरणाची वेळ म्हणत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे ‘इन अवर टाइम’ सुरू झाला.

घाट अगदी साधा. एक विषय, टेबलाभोवती तीन प्राध्यापक, पाऊण तासाला थोडं कमी. पार्श्वसंगीत नाही, श्रोत्यांचे फोन नाहीत. ब्रॅग दोन-चार वाक्यांत विषय मांडत आणि लगेच पहिला प्रश्न टाकत. पाहुणा पसरट बोलू लागला की त्याला मध्येच थांबवत, तारीख विचारत, मुद्द्यावर आणत. कधीकधी ते चक्क तुटक वाटे, पण घड्याळ पुढे सरकत असे आणि ऐकणाऱ्याची बाजू घेणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसे. एका आठवड्यात प्रकाशसंश्लेषण, दुसऱ्यात अठराव्या शतकातल्या लंडनला जडलेलं जिन या दारूचं व्यसन. ब्रॅग यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: पाहुण्याने स्वतःच्या नव्या पुस्तकाची जाहिरात करायची नाही.

इंटरनेट आल्यावर या नियमाचं फळ दिसलं. २००४ साली बीबीसीने पॉडकास्टचा पहिला प्रयोग करायला हाच कार्यक्रम घेतला. पुढे सगळे जुने भाग संकेतस्थळावर ठेवले. रेडिओवरच्या बहुतेक गप्पा त्या आठवड्यातल्या नाटक-सिनेमाला किंवा बातमीला चिकटलेल्या असतात, त्यामुळे महिनाभरात शिळ्या होतात. इथे तसं काही चिकटलेलंच नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वीचा भाग आजच्या विद्यार्थ्याला तितकाच उपयोगी पडतो. नऊ वाजता रेडिओ लावणं ज्यांना कधीच जमलं नसतं, असे देशोदेशीचे ऐकणारे मिळाले आणि बीबीसीच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या पॉडकास्टांत तो जाऊन बसला.

सगळ्याच जुन्या कार्यक्रमांना हे इतकं सोपं गेलं नाही. १९४२ पासून चालू असलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये पाहुणा निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडतो. संगीतच त्याचा प्राण, आणि संगीताचे हक्क मात्र दुसऱ्यांचे. २००९ मध्ये पॉडकास्ट आला तेव्हा गाण्यांचे छोटे तुकडे ठेवूनच भागवावं लागलं. पहिले सूत्रसंचालक रॉय प्लॉम्ली यांच्या काळातले सुरुवातीचे कितीतरी भाग तर जपलेच गेले नव्हते. रेडिओवर एकदा वाजलं की काम संपलं, अशीच तेव्हाची समजूत होती.

‘इन अवर टाइम’ने नव्या माध्यमासाठी एकच गोष्ट वाढवली आणि ती नेमकी होती. रेडिओची वेळ संपली तरी ध्वनिमुद्रण चालू ठेवायचं. ब्रॅग विचारत की काय राहून गेलं, आणि मघाशी घाईने बोलणारे प्राध्यापक सैलावत, एकमेकांचं म्हणणं खोडत, हसत. शेवटी निर्माता आत येऊन चहा हवा की कॉफी ते विचारत असे. तेही तसंच ठेवलेलं असे. पॉडकास्टवाल्यांसाठीची ही काही मिनिटं मला कित्येकदा मुख्य भागाहून अधिक आवडली आहेत, कारण जाणकार माणसं आपसात कशी बोलतात ते एरवी आपल्या कानावर कधी पडत नाही.

तरुण श्रोत्याला छोटं, चटपटीत आणि सोपं हवं, असं जुन्या कार्यक्रमांच्या चालकांना हल्ली वारंवार ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. या कार्यक्रमाने विषय सोपा केला नाही, लांबीही कापली नाही. उलट इंटरनेटवर ती वाढवली. बदललं ते एवढंच, की श्रोत्याला हवं तेव्हा दार उघडं मिळू लागलं.

हजाराहून अधिक भाग करून ब्रॅग २०२५ मध्ये सूत्रसंचालनातून निवृत्त झाले. त्यांचे भाग मात्र जागेवर आहेत. भगवद्गीता, उपनिषदं, सम्राट अशोक या विषयांवरचेही त्यात आहेत. इंग्रजी ऐकायची सवय असेल तर अशोकापासून सुरुवात करा, आणि शेवटची जादा मिनिटं चुकवू नका.