उच्च रक्तदाब : प्रकार, हेतू आणि वैद्याची जबाबदारी

'बी.पी. वाढला आहे, काहीतरी आयुर्वेदिक द्या,' असे म्हणत येणारा रुग्ण आता खेड्यातील चिकित्सालयातही नित्याचा झाला आहे. गोंदिया शहरालगतच्या नागरा परिसरात आमचा अनुभव हाच आहे. उच्च रक्तदाब हा बैठे काम करणाऱ्या शहरी मंडळींचा विकार, अशी समजूत बराच काळ होती. धानाच्या बांधीत राबणारे शेतकरी, राइस मिलमधील हमाल, विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांचा रक्तदाब नियमाने मोजू लागल्यावर ती समजूत टिकत नाही.

रुग्ण आला, दाब मोजला, १६० भरला, सर्पगंधेची वटी दिली, इतक्यावर चिकित्सा आटोपती घेण्याचा मोह आपणा सर्वांनाच होतो. रक्तदाब हे एक मोजमाप आहे. तो वाढण्यामागील हेतू मात्र रुग्णागणिक निराळा असतो. हेतू न शोधता आकडा उतरविणे म्हणजे संप्राप्ती न जाणता केलेली लक्षणचिकित्सा होय. प्रस्तुत लेखात या विकाराचे प्रकार व हेतू यांचा चिकित्सक आणि औषधविक्रेते या दोघांच्याही दृष्टीने विचार करीत आहोत.

नावाचा प्रश्न

संहितांमध्ये 'उच्च रक्तदाब' या नावाचा व्याधी नाही. कोणी तो रक्तगत वातात बसवितात, कोणी आवृत व्यानात, तर कोणी सिरागत वातात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात दिलेली दृष्टी येथे उपयोगी पडते. एखाद्या विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात. एकच दोष हेतुभेदाने आणि स्थानभेदाने अनेक विकार उत्पन्न करतो. म्हणून विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान जाणून चिकित्सा करावी, असा त्या विवेचनाचा आशय आहे. रक्तदाबाला ही त्रिसूत्री तंतोतंत लागू पडते.

आधुनिक शरीरक्रियेनुसार धमनीतील दाब मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त आणि सूक्ष्म धमन्यांकडून त्याला होणारा अवरोध. शरीरातील मीठ व पाणी यांचे प्रमाण वृक्क सांभाळतात, म्हणून त्यांचाही यात मोठा वाटा असतो. हृदय, धमन्या आणि वृक्क यांपैकी विकृतीचे मूळ कोठे आहे, हा पहिला प्रश्न असावा.

आधी मोजमाप खरे हवे

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे उपकरण रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले आणि स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकण्याची पद्धत कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये मांडली. शंभरावर वर्षे लोटली तरी मोजण्यातील चुका कायम आहेत. रुग्ण सायकल मारीत आला आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा वाढलेलाच येणार. त्यास पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसवावे. पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर आणि आधार दिलेला असावा. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधल्यास दाब खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा मोजून सरासरी घ्यावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब पाहावा.

आपल्या भागात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. तोंडात खर्रा धरून बसलेल्या रुग्णाचा दाब मोजू नये. तंबाखूतील निकोटिनमुळे नाडीची गती व दाब दोन्ही वाढतात. खर्रा, विडी वा चहा घेतला असल्यास निदान अर्धा तास थांबावे.

प्रकार

चिकित्सालयात निरनिराळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिल्यास उच्च रक्तदाब म्हणण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. अमेरिकेतील संस्थांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० पर्यंत खाली आणली. प्रकार मात्र केवळ आकड्यावरून ठरत नाहीत.

हेतूंनुसार दोन मुख्य प्रकार होतात. एकच एक कारण दाखविता येत नाही तो प्राथमिक. सुमारे ९० ते ९५ टक्के प्रौढ रुग्ण यात येतात. दुसऱ्या एखाद्या विकारामुळे अथवा औषधामुळे होतो तो दुय्यम. या दुसऱ्या प्रकाराचे रुग्ण थोडे असले, तरी हेतू दूर करताच दाब उतरण्याची संधी येथेच अधिक असते.

स्वरूपानुसार आणखी काही भेद ध्यानात ठेवावेत. वृद्धांमध्ये धमन्या कठीण झाल्याने वरचा दाब वाढतो व खालचा प्राकृत किंवा कमी राहतो. 'वयोमानाप्रमाणे एवढा चालायचाच' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये; पक्षाघाताचा धोका त्यातही असतो. काहींचा दाब वैद्यासमोरच वाढतो व घरी प्राकृत असतो. याउलट काहींचा चिकित्सालयात प्राकृत, पण घरी वा कामावर वाढलेला असतो. हा छुपा प्रकार अधिक घातक, कारण तो निसटतो. गर्भिणीत विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढलेला दाब हा स्वतंत्र व गंभीर प्रकार होय. तिच्यावर वटी-चूर्णाचे प्रयोग न करता तात्काळ प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांचा स्वाभाविक दाब इतरांपेक्षा कमी असतो. म्हणून अशा रुग्णात १३० च्या आसपासचा आकडा 'नॉर्मल' समजून सोडू नये. त्याच्या वृक्कांची तपासणी करवून घ्यावी.

प्राथमिक प्रकाराचे हेतू

कुलज प्रवृत्ती, वाढते वय, स्थौल्य, मद्य, व्यायामाचा अभाव, अपुरी निद्रा, चिंता आणि अतिलवण सेवन हे परिचित हेतू आहेत. यांपैकी लवणाचा विचार विस्ताराने करावासा वाटतो. पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. दुधाबरोबरही लवण खाणाऱ्या देशांतील लोकांची मांस-शोणिताची शिथिलता त्यांनी तेथे नोंदविली आहे. सूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्यायातही लवण, क्षार, अम्ल व मद्य यांना रक्तदुष्टीच्या हेतूंत स्थान आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. भाजीतील मीठ सोडले तरी लोणचे, पापड, सुकवलेली मासळी आणि बाजारातील फरसाण यांतून किती मीठ पोटात जाते, हे रुग्णाकडून वदवून घ्यावे. 'मी सैंधवच खातो' हे उत्तर वारंवार मिळते. सैंधव गुणाने श्रेष्ठ असले, तरी त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, हे त्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुय्यम प्रकाराचे हेतू

तिशीच्या आत वाढलेला दाब, अचानक बळावलेला दाब आणि तीन औषधांनाही न जुमानणारा दाब, या तीन प्रसंगी दुय्यम हेतूचा शोध घ्यावा. वृक्काचे जीर्ण विकार हा प्रमुख हेतू होय. मुखावर वा पायांवर शोथ, मूत्रात फेस, रात्री वारंवार मूत्रप्रवृत्ती यांची विचारणा करावी. मूत्रातील प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन या अल्पखर्चाच्या तपासण्या आहेत. वृक्काच्या धमनीचा संकोच, अधिवृक्क ग्रंथींचे विकार, थायरॉइडची विकृती आणि निद्रेत घोरता घोरता श्वास अडणे हेही हेतू संभवतात.

येथे आपली नाडीपरीक्षा फार मोलाची ठरते. तरुण स्त्रीच्या एका हाताची नाडी क्षीण लागणे, दोन्ही हातांच्या दाबांत मोठा फरक असणे, ही मोठ्या धमन्यांच्या शोथाची चिन्हे असू शकतात. हाताची नाडी बलवान आणि जांघेतील नाडी क्षीण व उशिरा लागत असेल, तर महाधमनीच्या जन्मजात संकोचाची शंका घ्यावी. एका हाताच्या नाडीवर न थांबता दोन्ही हात व जांघ पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

औषधातून येणारा रक्तदाब

आता आपल्या स्वतःच्या कपाटाकडे वळू. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रिया कंबरदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतात. या गोळ्या मीठ व पाणी शरीरात धरून ठेवतात, दाब वाढवितात आणि वृक्कांनाही अपाय करतात. स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीवर नाक मोकळे करणारी काही औषधे यांचाही हाच दोष आहे. सांधेदुखीवर 'दोन दिवसांत आराम' देणाऱ्या, घटकद्रव्ये न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. अशा पुड्या आयुर्वेदाच्या नावावर विकल्या जातात, म्हणून त्या दुकानात ठेवायच्याच नाहीत, असा निश्चय विक्रेत्यांनी करावा.

परंतु शुद्ध आयुर्वेदीय औषधेही या दृष्टीने निर्दोष नाहीत, हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. अम्लपित्ताच्या एका प्रौढ रुग्णास आम्ही यष्टिमधु चूर्ण पंधरा दिवसांसाठी दिले होते. गुण आला म्हणून तो दुकानातून स्वतःच घेत राहिला. पाच महिन्यांनी मांड्यांत बळ नाही, ही तक्रार घेऊन तो परतला, तेव्हा त्याचा दाब १७०/१०० होता आणि रक्तातील पोटॅशियम बरेच घटलेले होते. यष्टिमधु अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम साठते व पोटॅशियम बाहेर पडते, हे सर्वज्ञात आहे. पण मर्यादा रुग्णास लिहून देण्याचे आम्ही विसरलो होतो. चूर्ण बंद करून पोटॅशियमची पूर्ती झाल्यावर काही आठवड्यांत दाब प्राकृत झाला. त्या रुग्णास रक्तदाबाची वटी दिली असती, तर आमच्या एका औषधाचा दोष झाकण्यासाठी आम्ही दुसरे औषध जन्मभर देत राहिलो असतो.

याच न्यायाने भास्करलवण चूर्ण, शंखवटी यांसारखे लवणयुक्त कल्प उच्च रक्तदाबाच्या रुग्णास नित्य देऊ नयेत. श्वासरोगात वापरली जाणारी सोमलता नाडीची गती व दाब वाढविते. विक्रेत्यांनी हे कल्प मागणाऱ्यास 'बी.पी. आहे का?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

सर्पगंधेने दिलेला धडा

सर्पगंधेचा इतिहास आपल्याला अभिमानास्पद आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे ५० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार लाभला. परंतु रेसर्पिनचा वापर वाढला तसे काही रुग्णांत मनोवसाद, नाक चोंदणे, नाडी मंदावणे, आमाशयव्रण असे उपद्रवही नोंदले गेले. आकडा उतरला तरी रुग्ण स्वस्थ होतोच असे नाही, हा धडा याच मुळीने जगाला दिला. म्हणून विषाद, व्रण व गर्भावस्था यांत सर्पगंधा टाळावी आणि इतरत्रही अल्प मात्रेत, लक्ष ठेवून द्यावी. ही वनस्पती वन्य अवस्थेत दुर्मिळ होत चालली असून तिच्यात अन्य जातीच्या मुळांची भेसळ होते. विक्रेत्यांनी खात्रीच्या ठिकाणाहूनच मूळ घ्यावे.

सीमा ओळखणे

रुग्ण आधुनिक औषधे घेत असल्यास ती एकाएकी बंद करावयास सांगू नये. काही औषधे अचानक थांबविल्यास दाब उसळी घेतो आणि हृच्छूल वा पक्षाघात ओढवू शकतो. दाब १८०/१२० च्या पुढे असून छातीत वेदना, श्वास, दृष्टिमांद्य, तीव्र शिरःशूल किंवा अंगातील बळ जाणे यांपैकी काही असेल, तर तेथे चिकित्सा करीत बसू नये. आपल्यासाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. रुग्णास विलंब न करता तेथे पाठवावे.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सार आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो आहोत. रक्तदाबात त्याचा अर्थ अगदी साधा आहे : पट्टा सोडल्यावर औषधाची बाटली उचलण्यापूर्वी, रुग्ण काय खातो, किती झोपतो आणि कोणती औषधे घेतो, हे विचारावे. त्या यादीत आपले औषध असेल, तर आधी तेच थांबवावे.