वारं गेल्यावरचे साडेचार तास

बडनेऱ्याहून अमरावती दहाएक किलोमीटर. पक्षाघाताच्या रोग्याचा वेळ या रस्त्यावर फारसा जात नाही, घरात जातो. अंगावरून वारं गेलं म्हटलं की तेल चोळा, कबुतराचं रक्त लावा, लकव्याचं औषध कुठं मिळतं ते विचारा. पण नुसता लोकांना दोष कसा द्यायचा? तीस वर्षांपूर्वी धावतपळत दवाखाना गाठला, तरी तिथंही गुठळी विरघळवणारं खात्रीचं औषध नव्हतं. स्ट्रेप्टोकायनेजचे प्रयोग मेंदूतल्या रक्तस्रावामुळे थांबवावे लागले होते. बीपी वाढलेलं दिसलं की जिभेखाली निफेडिपिन देण्याची रीत होती. त्यानं दाब एकदम कोसळून मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटायचं.

१९९५ च्या डिसेंबरात अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. तीन तासांच्या आत ते दिलेले जास्त रोगी तीन महिन्यांनी आपापली कामं करू लागले होते. मात्र मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव ६.४ टक्के रोग्यांना झाला, औषध न दिलेल्यांत ०.६ टक्के. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग सुई. २००८ मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. अल्टेप्लेज तासभर सलाइनमधून द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज एकाच दमात देता येतं. आपल्याकडे ते आधीच वापरात होतं, अमेरिकेनं पक्षाघातासाठी त्याला २०२५ मध्ये मान्यता दिली.

एवढं सगळं अडतं ते सिस्टरच्या एका प्रश्नावर.

"सकाळी सहाला उठले तं तोंड वाकडं झालं होतं."

"रात्री झोपाले गेले तवा नीट बोलत होते का?"

"हो, दहा वाजता. चांगले जेवले बी."

घड्याळ सहापासून नाही, दहापासून मोजायचं. साध्या सीटीवर भरवसा ठेवणाऱ्या दवाखान्यात मुदत तिथंच संपते. घरच्यांना हे पटवणं औषध देण्याहून अवघड. तेही सिस्टरच करते. शुद्ध आहे म्हणून कुणी चमच्यानं चहा पाजायला निघालं, तर गिळता येतं का ते तपासेपर्यंत तिला हात धरावा लागतो. सुई दिल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी, हातापायाची ताकद, बोलणं. चोवीस तास ॲस्पिरिन नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी तिचं सांगणं उलट्या बाजूनं सुरू होतं: आता ॲस्पिरिन चुकवायची नाही, आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोली जड यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. हे ती रोग्यापेक्षा सुनेला जास्त बजावते. फोन तीच लावणार असते.