एकाच लहरीवर दुसरी वाहिनी

कोल्हापुरात १०२.७ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी लागते. एफएमच्या साध्या संचावर एका लहरीवर एकच कार्यक्रम ऐकू येतो, त्यामुळे शास्त्रीय संगीताला तिथे मोजकाच वेळ मिळतो. ज्या गावात जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब राहिले आणि भुर्जी खाँसाहेबांनी शिष्य घडवले, तिथल्या रसिकाला हे कसे पुरेल?

डिजिटल रेडिओत आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो आटोपशीर केला जातो. म्हणून डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) या पद्धतीत एका लहरीवर मुख्य वाहिनीशेजारी आणखी एक-दोन वाहिन्या आणि थोडा मजकूरही बसतो. ही पद्धत मध्यम लहरींवरही चालते. त्या लहरी टेकड्यांना फारशा अडत नाहीत, त्यामुळे प्रक्षेपण दूरवर पोहोचते. मात्र त्यासाठी डीआरएमचा संच लागतो. जुन्या रेडिओवर नुसती खरखर येते. असे संच महाग आहेत आणि सहज मिळत नाहीत. ही या पद्धतीची खरी अडचण.

सुदैवाने, शास्त्रीय संगीतासाठी अशा संचावाचून अडत नाही. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ रोजी 'रागम्' ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे गायन-वादन तिच्यावर असते. आकाशवाणीच्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणे घरबसल्या कानी पडावीत, यासारखे सुख नाही. प्रसार भारतीच्या 'न्यूजऑनएअर' ॲपवर ही वाहिनी मोबाइलवर लागते. ॲप विनामूल्य आहे, इंटरनेट मात्र हवे. जयपूर-अत्रौलीची गायकी सावकाश उलगडते. तेव्हा चांगला हेडफोन लावा आणि ख्याल अर्ध्यावर सोडू नका.