शिकाऊ हात आणि भाड्याची मोटार

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी आमच्या नगरहून पुण्याला निघाली. तेव्हापासून दोन पिढ्या आम्ही मोटारीत बसलो, ते बहुधा मागच्या बाकावर. चालवणारा दुसराच असे. आता मुले अठरा वर्षे पुरी होताच शिकाऊ परवाना काढतात. पण परवाना आला म्हणून दारात मोटार येतेच असे नाही. मग घरात विचार निघतो : दोन दिवस मोटार भाड्याने आणावी आणि मोकळ्या रस्त्यावर मुलाचा हात बसवून घ्यावा. यात गैर ते काय?

मला तरी काही गैर वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यात भंडारदऱ्याला जाण्यासाठी आम्ही मोटार भाड्याने घेतली, स्वतः चालवायच्या बोलीने. थोरली मुलगी एकोणीस वर्षांची, शिकाऊ परवाना तिच्याजवळ होताच. संगमनेर मागे पडले, रस्ता मोकळा दिसला, आणि ती म्हणाली, "बाबा, थोडी चालवू?" आम्ही जागा बदलल्या. मैलभर सारे ठीक चालले. मग एका वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर आला. तिने ब्रेक समजून क्लच दाबला. मी हँडब्रेक ओढला, गाडी साइडपट्टीवर जाऊन थांबली. कोणाला खरचटलेही नाही. पण रात्री मुक्कामावर मी कराराचा कागद उघडला. कायम परवाना असलेल्या आणि करारात नाव असलेल्या माणसानेच मोटार चालवावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. खाली सही माझी! वर्गात 'उतारा नीट वाचा' म्हणून सांगणारा मी, स्वतः मात्र न वाचता सही करून मोकळा झालो होतो.

आता यातले तीन प्रश्न वेगळे करून पाहू.

पहिला प्रश्न, मुलाला मोटार चालवता येते का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारीसाठी अठरा वर्षे पुरी हवीत. त्याहून लहान मुलाच्या हाती मोटार दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलालाही पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची. पण त्यालाही अटी आहेत. शेजारी पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी आवरू शकेल अशा जागी बसलेला हवा. मोटारीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे. आमच्या गाडीवर ते नव्हतेच. म्हणजे करार बाजूला ठेवला तरी आमचे चुकलेच होते.

दुसरा प्रश्न, मोटार कोणाची? स्वतः चालवण्यासाठी रीतसर भाड्याने मिळणाऱ्या मोटारीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी ही घरगुती वापराची. ओळखीतल्या कोणाची अशी गाडी पैसे देऊन आणली, तर घरगुती गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. काळ्या पाटीची गाडी घेतली, तरी मालकाने ती तुमच्या हाती दिली आहे, तुमच्या मुलाच्या नव्हे. सरकारने मुलाला परवाना दिला, म्हणजे मालकाने संमती दिली असे होत नाही.

तिसरा प्रश्न, नुकसान झाले तर भरणार कोण? शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, तेवढ्या कारणाने विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले आहे. विम्याच्या अटी मोडल्या असतील, तर कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्गही त्याच निकालात आहे. हे वाटसरूच्या दृष्टीने योग्यच झाले. पण बरं का, त्यानंतर मालक तो करार घेऊन कोणाच्या दारात येईल? गाडीच्या दुरुस्तीचा हिशेब तर वेगळाच.

मग मुलांनी शिकावे कुठे? मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. आमच्या वळणावर नेमका तोच नव्हता. त्यानंतरचा सराव घरच्या किंवा आप्तांच्या मोटारीवर करावा. पण मालकाला विचारून, विम्याचा कागद पाहून, 'एल'ची पाटी लावून. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. घाई करण्यासारखे त्यात काही नाही.

आमची मुलगी त्याच महिन्यात स्कूलमध्ये जाऊ लागली, आणि आता तिच्याजवळ पक्का परवाना आहे. करारातल्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटींत ती बसली, की भंडारदऱ्याच्या पुढच्या खेपेला चालक म्हणून तिचेही नाव घालू. मात्र सही करण्यापूर्वी कागद आपण स्वतः वाचणार, असे तिने मला आत्ताच बजावून ठेवले आहे.