पेरूच्या जाती व त्यांचा आस्वाद

पावसाळ्यात वर्ध्याच्या बाजारात उत्तरेकडील नासपती येते. तिचा रसाळ गर चाखल्यावर हे फळ आपल्या मळ्यातही व्हावे, असे एखाद्या शेतकऱ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु नासपतीच्या झाडास बहर येण्यासाठी हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लाभावी लागते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो व हिवाळा सौम्य असतो, तेथे ही लागवड करणे म्हणजे पैसा व वर्षे वाया घालविणे होय. नासपती विकत घेऊन खावी. लागवड मात्र पेरूची करावी.

या दोन फळांचा संबंध नावातही आहे. पेरूचे झाड अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. त्यांच्या भाषेत नासपतीस ‘पेरा’ म्हणतात; त्यावरूनच ‘पेरू’ हा शब्द रूढ झाला. विदर्भात याच फळास ‘जाम’ म्हणतात.

जातींची निवड

अलाहाबाद सफेदा : फळ गोल, साल गुळगुळीत, गर पांढरा व गोड. ताजे खाण्यास उत्तम.

सरदार किंवा लखनौ ४९ : पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ साली ही जात निवडली. फळ मोठे, साल किंचित खडबडीत, गर पांढरा. झाड पसरट वाढते व भरपूर फळते.

ललित : लखनौच्या केंद्रीय संशोधन संस्थेने काढलेली गुलाबी गराची जात. खाण्यास चांगली, रस व जेली यांसाठी विशेष उपयुक्त.

कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. काळ्या भारी जमिनीत पाणी साचल्यास झाडे मर रोगाने वाळतात. म्हणून निचऱ्याची जमीनच निवडावी.

बहर कोणता धरावा?

आंबे बहराची फळे पावसाळ्यात पिकतात. ती पाणचट लागतात व फळमाशीच्या अळ्यांनी किडतात. मृग बहराची फळे हिवाळ्यात येतात. ती गोड, टणक व टिकाऊ असतात. यासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडांस विश्रांती द्यावी व पावसाच्या सुरुवातीस खत घालावे. गळालेली किडकी फळे झाडाखाली राहू न देता खोल पुरावीत, म्हणजे माशीची पुढील पिढी वाढणार नाही. अधिक सल्ला सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्रात घ्यावा.

आस्वाद

गडद हिरवा रंग जाऊन फळावर फिकट पिवळसर छटा आली, की ते तोडावे. साल काढू नये. क जीवनसत्त्व सालीलगत अधिक असते. फोडींस मीठ व तिखट लावून खाण्याची आपली रीत उत्तमच आहे. पिकलेल्या पेरूच्या बिया काढून दह्यातील कोशिंबीर करावी, किंवा गूळ घालून भाजी करावी.

जेलीसाठी किंचित कच्ची फळे घ्यावीत. काप पाण्यात शिजवून रस कापडातून न पिळता गाळावा. त्यात साखर व थोडा लिंबाचा रस घालून आटवावा. डावावरून रस थेंबाथेंबाने न पडता पापुद्र्यासारखा सुटू लागला, की जेली तयार झाली असे समजावे. बाजारभाव पडला असता माल टाकून देण्यापेक्षा हा उद्योग बरा.

१०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्याच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. ज्वारीची भाकरी, वरण व पालेभाजी यांतील लोह अंगी लागण्यास त्याची मदत होते. म्हणून जेवणाबरोबर मुलांस व गरोदर स्त्रियांस पेरूची फोड अवश्य द्यावी. ज्यांस बाग करणे शक्य नाही, त्यांनी न्हाणीचे सांडपाणी जाते तेथे, पाणी साचू न देता, एक तरी कलम लावावे. प्रत्येक घरी असे एक झाड लागेल यासाठी ग्रामसेवकांनी येत्या पावसाळ्यापूर्वीच कलमांची मागणी नोंदवून ठेवावी.