शर्ट आपला, हात दुसऱ्याचा

१९८८ साली माझी बदली मडगावला झाली. बँकेतल्या माणसाला बदलीचं अप्रूप नसतं. पण त्या वर्षी मे महिन्यात शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न झालं आणि त्या लग्नाने मला चांगलाच धडा दिला. आपल्याकडे लग्नाला गेलेला माणूस अक्षता टाकतो, जेवतो, आहेराचं पाकीट देतो आणि चपला शोधू लागतो. तिथे जेवणाआधी बँड सुरू झाला आणि सत्तरीच्या आजोबांपासून दहा वर्षांच्या नातीपर्यंत सगळं घर जोडीजोडीने नाचायला उतरलं.

नवरीच्या मावशी, एका शाळेतल्या प्रौढ शिक्षिका, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पहिल्या दोन फेऱ्यांत पावलं चुकली, ती त्यांनी हसण्यावारी नेली. पुढे मात्र माझ्या दंडावरचा त्यांचा हात हळूहळू उचलला गेला आणि दोन बोटांवर आला. गाणं संपताच त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि मला दिसणार नाही अशा बेताने तळवा पुसला. मला ते दिसलं. अंगात माझा ऑफिसचा आवडता टेरीकॉटचा शर्ट होता आणि तो ओल्या कागदासारखा अंगाला चिकटला होता. खिशातलं पेन आणि चष्म्याचं घर दर गिरकीला आमच्या दोघांच्या मध्ये येत होतं, ते निराळंच.

त्या रात्री मी पुन्हा उठलो नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठेच नाचलो नाही.

२०१८ साली सौभाग्यवतींनी घराजवळ ज्येष्ठांसाठी निघालेल्या नृत्यवर्गाचं पत्रक माझ्यासमोर ठेवलं. मी मडगावची गोष्ट काढली. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला त्या बाईंचा रुमाल आठवतो. मीसुद्धा नवी साडी नेसून खुर्चीत बसले होते, ते नाही आठवत?” तीस वर्षांच्या हिशेबात ही नोंद राहूनच गेली होती. मी निमूटपणे फी भरली आणि शर्टाचा विषय जुनी फाइल उघडावी तसा उघडला.

आपण पुरुष शर्ट घेतो ते आरशासमोर उभे राहून, म्हणजे फक्त पुढची बाजू पाहून. जोडीच्या नाचात मात्र खरा संबंध येतो तो आरशात न दिसणाऱ्या भागाशी. वॉल्ट्झमध्ये जोडीदारणीचा डावा हात आपल्या उजव्या दंडावर असतो आणि आपला उजवा हात तिच्या पाठीवर. टँगोत तर अंतर आणखी कमी होतं. म्हणजे शर्ट आपला असला तरी त्यावर हात दुसऱ्याचा असतो. तेव्हा निवडही त्या हाताच्या सोयीने व्हायला हवी.

पहिली गोष्ट कापडाची. शंभर ग्रॅम सुती कापड साधारण दमट हवेत ८ ग्रॅमच्या आसपास ओल पोटात घेतं आणि तरी कोरडंच लागतं. साधं पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. आमच्या पिढीच्या लाडक्या टेरीकॉटमध्ये बहुधा ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग सूत असायचं. त्याला इस्त्री लागत नसे हे खरं, पण घामाला जागाही मिळत नसे. त्यापेक्षा पातळ पॉपलीन किंवा लिनन बरं. लिनन म्हणजे फार परकं नव्हे. ज्याच्या बियांची आपण जवसाची चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडाच्या धाग्याचं हे कापड. ते चुरगळतं, चुरगळू द्यावं. आत बाह्यांची सुती गंजी घातली, तर पहिला घाम ती शोषते. कापड शिवायला टाकण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच शर्ट आखडतो.

दुसरी गोष्ट बेताची. आमच्या टेलरमास्तरांना मी म्हटलं, जरा ढगळ शिवा, नाचायचं आहे. त्यांनी वयाकडे पाहून हसू आवरलं आणि म्हणाले, “साहेब, ढगळ नको. मुंढा वर घेतो.” मुंढा म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात तो घेर. तो खाली ओघळलेला असला की हात वर करताच सगळा शर्ट वर ओढला जातो आणि पँटमधून बाहेर येतो. मुंढा काखेजवळ असला की हात उचलला तरी धड जागच्या जागी राहतं. पाठीला खांद्याखाली दोन चुण्या घेतल्या की हात पुढे करताना शिवण तटतटत नाही. तयार शर्ट घेणार असाल तर दुकानातच दोन्ही हात खांद्याइतके वर करून एक गिरकी घ्या. विक्रेता पाहील, पाहू द्या.

तिसरी गोष्ट बाह्यांची. अर्ध्या बाहीत गार वाटतं, पण ओल्या उघड्या दंडाला हात लावणं कुणालाही सुखाचं नसतं. पूर्ण बाही घ्यावी, हवं तर कोपरापर्यंत दुमडावी. कफाचं बटण चपटं असावं, कारण साल्साच्या गिरक्यांत हात हातातून फिरतात आणि बांगडी अडकते. खिसा नसेल तर उत्तम. असेल तर पेन, चष्मा, मोबाइल सगळं टेबलावर ठेवून उठावं.

एवढी सोय पाहिल्यावर ऐट कुठे उरली, असं तुम्ही म्हणाल. साल्साची मुळं ज्या क्यूबाच्या संगीतात आहेत, तिथला ग्वायाबेरा शर्ट पाहा. पातळ सुती किंवा लिननचा, छातीवर बारीक चुण्यांच्या दोन उभ्या ओळी, खालची कड सरळ आणि पँटच्या बाहेर सोडलेला, अगदी आपल्या वडिलांच्या बुशशर्टसारखा. खिसे चार, पण नाचताना रिकामे ठेवायचे. २०१० साली क्यूबाने हाच शर्ट सरकारी समारंभांचा अधिकृत पोशाख ठरवला. उकाड्याच्या देशाने उकाड्याला साजेसं कापड घातलं आणि तीच त्याची ऐट झाली.

रंगाचं म्हणाल, तर फिकट आकाशी आणि राखाडी टाळावेत. घामाचे डाग त्यांवर सर्वांत आधी दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक नक्षीचा चालतो. आणि पिशवीत घडी घातलेला दुसरा शर्ट हवाच. सुताने पाणी प्यायलं की ते वाळायला वेळ लागतो. मध्यंतरात तोंड धुऊन शर्ट बदलला की उरलेली रात्र आपली.

गेल्या डिसेंबरात मडगावच्या त्याच सहकाऱ्याच्या नातीचं लग्न होतं. मास्तरांनी शिवलेला पांढरा शर्ट घालून गेलो, दुसरा पिशवीत होता. बँड लागला. या वेळी कुणी समोर येण्याची वाट न पाहता मी खुर्चीतल्या नव्या साडीकडे वळलो. पावलं चुकलीच, वर्गात जाऊनही चुकतात. तीन गाणी झाली, पण दंडावरचा हात उचलला गेला नाही. चौथ्या गाण्याला तीच म्हणाली, “अहो, आता तो दुसरा शर्ट घालून या. मी इथेच उभी आहे.”